आवर्तन थांबलं ते चार महिने

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझं घर सांगलीचं, जैनांचं, हळदीच्या व्यापारातलं. मुलगी नोकरीसाठी एकटी राहते, सूर्य मावळायच्या आत जेवते की नाही, एवढीच आईची चिंता. चाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव नोंदवलं. उशीर झाला होता हे मलाही कळत होतं, त्यामुळे घाई होती. पुढे जे झालं त्यात त्या घाईचा वाटा मोठा आहे.

विषय होता वैश्विक किरणांचा. सूर्यमालेच्या बाहेरून, कुठल्या कुठल्या फुटलेल्या ताऱ्यांकडून अतिशय वेगवान कण सतत येत असतात. ते आपल्या हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि छपरातून, खुर्चीतून, आपल्या अंगातून आरपार जातात. ते मोजता येतात. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काळ्या कापडात गुंडाळलेल्या चार मोठ्या प्लास्टिकच्या पाट्या होत्या. म्युऑन गेला की त्यांत क्षीण प्रकाश चमकायचा आणि समोरच्या मोजणीयंत्रावर आकडा वाढायचा.

मला बघायचं होतं ते सूर्याचं काम. सूर्यातून एक वारा सतत वाहत असतो. सूर्याच्या वातावरणात कधी कधी काळी विवरं दिसतात, तिथून तो वारा फार जोरात सुटतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि साधारण सत्तावीस दिवसांनी आपल्याला पुन्हा तीच बाजू दाखवतो. विवर टिकलं असेल तर तोच झोत पुन्हा पृथ्वीवरून जातो, आणि जाताना बाहेरून येणाऱ्या किरणांना थोडं मागे सारतो. मोजणी उतरते, काही दिवसांनी परत वर येते. ही उतरण्याची गोष्ट हजारात दोन-तीन एवढीच. ती दिसायची तर एक अडचण होती. हवेचा दाब वाढला तरी मोजणी उतरते, आणि दाबाचा परिणाम सूर्याच्या परिणामापेक्षा मोठा असतो. म्हणजे दाब अचूक वाचल्याशिवाय सगळं फुकट.

दाब मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर विजेच्या चढउतारात जळला. त्याच झटक्यात नोंदी ठेवणारा संगणकही गेला. दुसरा मिळण्याची आशा नव्हती. भिंतीवर सागवानी पेटीत पाऱ्याचा जुना बॅरोमीटर होता, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला. एका सकाळी मी आले तर तो लखलखत होता. प्रयोगशाळेचे मामा फडकं घेऊन शेजारी उभे.

कॉलेजात सगळ्याच परिचरांना मामा म्हणतात, पण या लिखाणात मामा म्हणजे तेच. लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे लागलेले, रहिमतपूरकडच्या एका गावातले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचलेला.

"मॅडम, ह्यो चालतोय की," ते म्हणाले. "म्या वाचू का रोज?"

"तुम्हाला येतो वाचायला?"

"तोफखान्यात हुतो. हवामानाच्या पथकात. वारं, दाब, तापमान, सगळं आमच्याकडं. आमी चुकीचं वाचलं की गोळा चुकीच्या जागी पडायचा."

मी त्यांना वाचताना बघितलं. तळाचा स्क्रू फिरवून पाऱ्याची पातळी बरोबर आतल्या पांढऱ्या खुणेच्या टोकाला टेकवायची, काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची, मग वरची पट्टी पाऱ्याच्या माथ्यावर आणायची. श्वास धरून. वाचून झालं की मान वळवायची, पुन्हा समोर बघायचं आणि दुसऱ्यांदा वाचायचं. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचं. मी पंधरा वर्षं पोरांना बॅरोमीटर शिकवला होता, पण इतक्या सबुरीने मी स्वतः कधी वाचला नव्हता.

सकाळी दहा, दुपारी एक, दुपारी चार. दाब, खोलीचं तापमान, मोजणीयंत्रावरचा आकडा. रविवारीही. त्यांचं गाव बसने तासाभराच्या अंतरावर, तरी ते यायचे. पहिल्या वर्षाच्या आकड्यांतून मी दाबाचा भाग वजा केला आणि आलेख काढला, तेव्हा कागदावर एक लाट उभी राहिली. दर सत्ताविसाव्या दिवशी खाली, मग वर. मी मामांना बोलावून दाखवलं. विवरं म्हणजे काय, कोरोना म्हणजे काय, सांगायला लागले.

"त्यो शब्द नका काढू मॅडम," ते म्हणाले. "दोन वर्सं लय ऐकला."

मी समजावलं की हा सूर्याभोवतीचा कोरोना, नाव तेच पण गोष्ट वेगळी. ते आलेखाकडे बघत राहिले.

"म्हंजे कॅनॉलच्या आवर्तनागत हाय ह्ये. वरनं दार उघडं हाय तवर ठरल्या दिवशी पाणी येनार."

विज्ञानाच्या पुस्तकात त्याला आवर्तनच म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. त्यानंतर ते फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवायला लागले, 'परवा आवर्तन.' आणि परवा आकडे उतरायचे. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला काळ होता असं आता वाटतं. दोन माणसं एका गोष्टीची वाट बघतात आणि ती गोष्ट येते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर लाट गेली.

आधी मला वाटलं एखादी फेरी हुकली. मग दुसरी हुकली. तिसऱ्या महिन्यात आलेख सपाट पडला होता, नांगरून फळी मारलेल्या रानासारखा. माझे मार्गदर्शक पुण्याला होते, निवृत्तीला आलेले, भला माणूस पण थकलेला. व्हिडिओवर मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आकडे कोण घेतं?"

"लॅबमधले परिचर."

"मग झालं तर. असे सपाट आकडे निसर्ग देत नाही, माणूस देतो. घरी बसून भरले असतील."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोष माझ्या यंत्रात नव्हता, माझ्या गणितात नव्हता. वर्षभर खपून उभं केलेलं काम चुकलं नव्हतं, ते कुणीतरी बिघडवलं होतं. आणि त्या कुणीतरीच्या घरी त्याच महिन्यांत अडचण चालू होती. मामींचं कराडला पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मामा दुपारची बस धरून दवाखान्यात जायचे, सकाळी परत यायचे. डोळे लाल असायचे. एक दिवस मी चारनंतर लगेच प्रयोगशाळेत गेले तर कुलूप होतं. माझ्या किल्लीने उघडलं. वहीत चारचा आकडा लिहिलेला. मला एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी मी त्यांना विचारलं. वही माझ्यासमोर उघडी होती.

"मामा, हे आकडे तुम्ही बघून लिहिलेत?"

त्यांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "बघूनच लिवलेत."

"काल चारला तुम्ही इथं नव्हता."

"दहा मिनटं आधी वाचला. बस हुती. बाजूला येळ लिवलीय बघा."

मी बघितलं नाही. मला वाटलं, आत्ता सुचलेलं उत्तर आहे. मी आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला आजही सगळ्यात जास्त लाजवतो. "मामा, घरचं सगळं मला माहीत आहे. एखाद्या दिवशी जमलं नसेल तर सांगा. मी समजू शकते."

"जमलं नसतं तर जागा रिकामी ठेवली असती," ते म्हणाले. "रिकाम्या जागंची लाज न्हाई, मॅडम. खोट्या आकड्याची हाय."

"मग लाट कुठं गेली?"

ते बॅरोमीटरकडे बघत उभे राहिले. बाहेर पोरं जमायला लागली होती. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "माझं वाचनंच चुकत असंल का? डोळं?"

मला वाटलं, माणूस माघार घेतोय, तोंड लपवायला जागा शोधतोय. ती जागा देणं म्हणजे मोठेपणा, असं मी त्या क्षणी समजले. मी म्हणाले, "असेल."

विभागप्रमुखांच्या कानावर गोष्ट गेली. कशी गेली याचा मला विसर पडलेला नाही, मीच सांगितली होती. मामांना ग्रंथालयात पाठवलं, पुस्तकं लावायला. मी तसं मागितलं नव्हतं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली आणून दिली. दोन्ही वह्यांना तपकिरी कागदाची नवी कव्हरं घातली होती. पुढचे आकडे मी स्वतः घेऊ लागले. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला त्यांनी नोकरी सोडली.

त्या सप्टेंबरात आमचं पर्युषण झालं. शेवटी क्षमावणी असते. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची, अशी रीत. पूर्वी माझे आजोबा त्यासाठी घरोघर जायचे. आता आम्ही हात जोडलेलं चित्र आणि चार ओळी फोनवर सगळ्यांना एकदम पाठवतो. मीही पाठवलं, यादीतल्या सगळ्यांना. दुपारी मामांचं उत्तर आलं.

'मॅडम, हे कशाबद्दल?'

मी लिहिलं, 'आमच्यात पद्धत आहे, सगळ्यांना पाठवतात.' त्यांनी नमस्काराची खूण पाठवली. विषय संपला.

पुढच्या वर्षी मला सांगलीत जागा मिळाली आणि मी आईजवळ राहायला आले. मार्गदर्शक निवृत्त झाले. प्रबंध रखडला. ते चार महिने मी त्यातून काढून टाकले होते, आणि त्यामुळे मध्ये एक भोक पडलं होतं. नव्या मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला तुटक. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "हे चार महिने का नाहीत?"

"आकडे खोटे होते."

"कशावरून?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतर केंद्रांशी ताडून पाहिलं होतं?"

नव्हतं पाहिलं. जगभर अशी केंद्रं आहेत, त्यांचे रोजचे आकडे कुणालाही बघता येतात. पहिल्या वर्षी लाट दिसली तेव्हा मी मोठ्या हौसेने ते काढून आपल्या आलेखाशेजारी ठेवले होते. लाट दिसेना तेव्हा मात्र मला ते सुचलं नाही. आनंदाचा पुरावा मी दहा ठिकाणी शोधला होता. एका माणसाला खोटं ठरवताना एकाही ठिकाणी नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत मी एका दूरच्या देशातल्या केंद्राचं पान उघडलं. ते चार महिने निवडले. रेघ सपाट होती. दुसरं केंद्र उघडलं. सपाट. मग सूर्याची छायाचित्रं काढली, एक एक फेरी. ऑक्टोबरातलं ते मोठं काळं विवर पुढच्या फेरीला आक्रसलेलं, त्याच्या पुढच्या फेरीला डागाएवढं, आणि मग नाहीच. विवर मिटलं होतं. झोत आटला होता. जो येतच नव्हता तो आकड्यांत दिसणार कुठून?

शेजारी कुणीतरी डबा उघडला, लसणाच्या चटणीचा वास आला. मी घरी जाऊन वह्या काढल्या. चार महिन्यांत एकच दिवस मामांच्या आकड्यांत एक छोटी खोच होती, जानेवारीतली. तेव्हा ती त्यांची चूक समजून मी तिच्याभोवती लाल पेनने गोल काढला होता. त्याच दिवशी त्या दोन्ही केंद्रांवरही तशीच खोच होती. सूर्याकडून सुटं काहीतरी आलं होतं, आणि साताऱ्यात एका माणसाने ते पाऱ्याच्या बॅरोमीटरच्या मदतीने पकडलं होतं. मी वहीतल्या कडेच्या जागा बघितल्या. बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: ३.५०. आणखी एका दिवशी ३.४५. एका दिवशी दुपारी एकची जागा रिकामी, शेजारी 'दवाखाना'.

रविवारी सकाळच्या गाडीने मी रहिमतपूरला उतरले आणि रिक्षाने गावात गेले. मामा आल्याच्या रानात खुरपत होते. मला बघून उठले, हात झटकले, घराकडे चालू लागले. वाटेत बांधावर त्यांचा पाय अडखळला नाही, आडवा आलेला दगडही त्यांनी नेमका चुकवला. तरी घरात शिरल्यावर मामी म्हणाल्या, "सरका, बाईंना बसायला म्या टाकते, तुमाला दिसायचं न्हाई."

मी विचारलं, डोळ्यांना काय झालं.

"काय झालं न्हाई," मामी म्हणाल्या. "दोन डाक्टर झालं. दोगंबी म्हनत्यात, वयाच्या मानानं डोळं चांगलं हायती. पर ह्यांनी गाडी चालवायची सोडली. पेपर वाचायचा सोडला. औषदाच्या बाटलीवरचंबी दुसऱ्याकडनं वाचून घेत्यात. ह्यांचं एकच, मॅडमनी सांगितलंय."

मी पिशवीतून आलेख काढले आणि जमिनीवर पसरले. त्यांचा, आणि त्या दोन केंद्रांचा. सूर्याची चित्रं ओळीने ठेवली. सगळं सांगितलं. मार्गदर्शक काय म्हणाले ते, मला बरं वाटलं होतं ते, पेन्सिलीच्या वेळा मी बघितल्या नव्हत्या ते. मामा कागदांवर वाकले. जानेवारीतल्या खोचेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या कागदावरच्या खोचेवर, मग तिसऱ्या.

"म्हंजे आवर्तनच बंद झालं हुतं."

"हो."

"आन माझं वाचन बरूबर हुतं."

"बरोबर होतं. माझं चुकलं, मामा. मी तुमच्यावर आळ घेतला."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा 'जाऊ द्या' म्हणतील. त्यांनी कागद नीट गोळा केले आणि मामींकडे बघितलं. मामी उठून आत गेल्या.

"एक गोष्ट झाली बगा मदल्या काळात," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. लष्करात असताना, सरावात, एक गोळा ठरल्या जागेच्या अलीकडेच पडला होता. त्यात त्यांच्या पथकातला एक जवान गेला. जतचा पोरगा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, कानडी मिसळून मराठी बोलायचा. दोघांची जेवणाची थाळी एक. त्या दिवशीचा दाब मामांनी वाचला होता. चौकशी झाली, कुणाचाच दोष निघाला नाही. "तवा माजी खात्री हुती," ते म्हणाले. "मी दोनदा वाचतो. रडलो, पर माज्यावर घेतलं न्हाई. ईस वर्सं झोपलो की नीट. मग तुमी म्हनला, असंल."

त्यांनी कागदांच्या कडा सारख्या केल्या.

"मला वाटलं, आत्ता चुकतंय तर तवाबी चुकलं असंल. डोळं काय एका दिवसात जात न्हाईत. मग मी जतला गेलो. त्याची आई हाय अजून. तिला सांगितलं की अव्वा, तुझा पोरगा माझ्या आकड्यानं गेला."

"काय म्हणाल्या त्या?"

"काय न्हाई. पानी दिलं प्यायला."

मी म्हणाले, "आपण जाऊ तिथं. मी सांगते त्यांना." त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्या दिवशीचा दाब त्यांना अजून पाठ होता. त्यांनी तो सांगितला, ठिकाणाची उंची सांगितली, महिना, तास, वाऱ्याची दिशा. "हे बरूबर हुतं का, तुमाला काढता येईल? जसं ह्ये काढलं तसं?"

एक 'हो' म्हणायला काहीच लागलं नसतं. या माणसाला झोप मिळाली असती. पण मी एकदा त्यांच्या आकड्याबद्दल न तपासता बोलले होते. मी म्हणाले, "नाही, मामा. त्या जागचा, त्या तासाचा दुसरा कुणी आकडा ठेवला असेल तरच ताडता येईल. तसा मला मिळणार नाही. तुम्ही कसे वाचता ते मी बघितलंय, एवढंच मी सांगू शकते."

"व्हय," ते म्हणाले. "खरं हाय."

पंधरा दिवसांनी आम्ही जतला गेलो. ते गावाहून सांगलीला आले, तिथून पुढे एका बसमध्ये. मिरज सोडल्यावर ऊस आणि द्राक्षं विरळ होत गेली, मग मोकळी रानं, बाभळी. वस्तीवर टँकर नुकताच येऊन गेला होता, घागरींच्या तळाशी ओल होती. म्हातारी दारात बसून कोकराला पाजत होती. मामांना बघून तिने हाताने बसायची खूण केली. मी कोण ते मामांनी सांगितलं. मग मी सांगितलं. सूर्य, वारा, विवर यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की अव्वा, यांचे डोळे चुकत नव्हते. मी चुकीचं बोलले, म्हणून यांनी तो दोष आपल्यावर घेतला. तेव्हाचा आकडा चुकला होता असं कुणालाही म्हणता येत नाही.

तिने ऐकून घेतलं. कोकराचं तोंड पुसलं.

"त्यो आकडा बरूबर हुता का चूक हुता, मला काय कळतंय बाई," ती म्हणाली. "त्या दिवशी ह्यो आला, म्हनाला माझ्यामुळं गेला. मी म्हनलं, कुनीतरी आलं. ईस वर्सांत त्याचं नाव घेऊन ह्या दारात कुनी आलं नव्हतं. कागद आलं, मानसं न्हाई." मग मामांकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी तू पळालास रं तमा, लेकरा. मला इचारायचं हुतं. तिकडं जेवायचा का त्यो नीट? थंडीला काय करायचा?"

मामा बोलायला लागले. आधी अडखळत, मग भराभर. तो पोरगा भाकरीसाठी कसा हट्ट करायचा, मेसमधल्या पोळीला नावं ठेवायचा, बर्फात मेंढरासारखं ओरडून सगळ्यांना कसा हसवायचा, सुट्टीवरून येताना जोंधळ्याचं पीठ कसं लपवून आणायचा. म्हातारी मधे मधे कानडीत काहीतरी पुटपुटायची आणि मान हलवायची. एकदा ती हसली, आणि त्याच दमात रडली. मामाही रडले. मी उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. तिथे माझं काही काम नव्हतं.

परतताना जतच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. मी म्हणाले की ते चार महिने मी प्रबंधात परत घातलेत. लाट का थांबली, हेच आता त्यातलं मुख्य प्रकरण झालंय, आणि आकडे कुणी घेतले तेही लिहिलंय. तक्ता माझ्या पिशवीत होता. मी तो पुढे केला. "एकदा नजर टाका, मामा. तुमचेच आकडे आहेत. काही चुकलं असेल तर सांगा."

त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"नगं, मॅडम," ते म्हणाले. "तुमी बघितलंय न्हवं? मग बरूबरच असंल."

मी पुन्हा आग्रह केला नाही. सांगलीची गाडी लागली, आम्ही चढलो. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि मिरज येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसून राहिले. झोपले नव्हते.